चिकित्सालयाबाहेरची परीक्षा : शासकीय योजनांचे मूल्यमापन आणि आयुर्वेद स्नातक

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. औरंगपुऱ्यात ज्यांचे आयुर्वेदीय औषधांचे जुने दुकान आहे असे माझे एक स्नेही सायंकाळी चिकित्सालयात आले. रुग्ण म्हणून नव्हे. पण मुद्रा रुग्णाहून चिंताक्रांत होती. त्यांच्या कन्येची आंतरवासिता संपत आली होती. म्हणाले, "वैद्यराज, साडेपाच वर्षे शिकवले आणि आता म्हणते, दवाखाना टाकायचा नाही, पॉलिसीत काम करायचे आहे. बी.ए.एम.एस. होऊन विमा विकणार का हो ही?"

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून घेतले. अर्थातच विम्याचा संबंध नव्हता. शासनाच्या आरोग्य योजनांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत काम करावे, अशी तिची इच्छा होती. वडिलांना हे समजावून सांगताना माझ्या लक्षात आले की, आपल्या व्यवसायबांधवांपैकी फार थोड्यांना या क्षेत्राची माहिती आहे. मी स्वतः काही काळ या कामात होतो आणि त्यातील एक प्रसंग आजही मनातून गेलेला नाही. या लेखाचे निमित्त इतकेच.

हे काम म्हणजे नेमके काय? शासन योजना आखते, निधी देते, पदे भरते, औषधे पाठविते. ज्याच्यासाठी हे सर्व आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचले का, न पोहोचल्यास वाटेत कोठे अडले, पोहोचून त्याचा उपयोग झाला का आणि तेवढ्याच खर्चात याहून अधिक काही साधले असते का, या प्रश्नांची उत्तरे नोंदवह्या, प्रत्यक्ष भेटी, मुलाखती आणि सांख्यिकी यांच्या साहाय्याने शोधणे, म्हणजे कार्यक्रमांचे मूल्यमापन. त्या उत्तरांवरून पुढे काय करावे याचे पर्याय मांडणे, म्हणजे धोरण-संशोधन. निर्णय मात्र शासनाचा. संशोधकाने मंत्री होण्याचा मोह टाळावा, हे या व्यवसायातील पहिले पथ्य.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती, याची पाहणी केली व ती १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कालव्यात पाणी किती सोडले, हे पाटबंधारे खात्याला ठाऊक होतेच. त्या पाण्याने शेतकऱ्याचे काय झाले, हे कालव्याखालील आणि कोरडवाहू शेतीची तुलना करून पाहावे लागले.

मराठवाड्याला तर या शास्त्राचा एक शब्द तोंडपाठ आहे : अनुशेष. १९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ साली अहवाल दिला. राज्याची सरासरी हे माप धरून जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट तेवढा त्याचा अनुशेष, अशी सरळ रीत होती. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्या बरोबरीने आरोग्यसेवा हाही मोजणीचा एक विषय होता. त्यापूर्वीही मराठवाड्यावरील अन्यायाची भाषणे होतच होती. पण तूट आकड्यांत मांडल्यावर विधिमंडळात तिच्यावर उत्तर देणे शासनाला भाग पडले. माप कोणते घ्यावे यावरून पुढे वाद झाले आणि ते रास्तच होते. वाद घालायला मुळात माप असावे लागते.

आरोग्यक्षेत्रातील उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात-मृत्यूंत सुमारे ६२ टक्क्यांची घट आढळली आणि १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ मध्ये केंद्र शासनाने गृहाधारित नवजात बालसेवा राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. दरम्यान २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यातील अनेक संस्थांनी मिळून गावोगावचे बालमृत्यू स्वतः मोजले होते आणि शासकीय नोंदींत दिसत होते त्याहून ते कितीतरी अधिक निघाले. ही मोजणी करणारे कार्यकर्ते रुग्णाची नाडी पाहत नव्हते. पण त्यांच्या कामामुळे किती बालके वाचली असतील, याचा विचार चिकित्सालयात बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावा.

आता आपल्या शास्त्राकडे वळू.

२०१४ च्या जानेवारी ते जून या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीत लोकांच्या आजारपणाची माहिती घेण्यात आली. सुमारे ९० टक्के उपचार ॲलोपॅथीचे आणि आयुषसह अन्य पद्धतींचा वाटा अवघा ५ ते ७ टक्के, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात ७९ व्या फेरीत केवळ आयुष या विषयावर देशभर प्रथमच स्वतंत्र पाहणी झाली. १,८१,२९८ कुटुंबांना भेटी देण्यात आल्या. जून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे : गेल्या ३६५ दिवसांत ग्रामीण भागातील सुमारे ४६ टक्के व शहरी भागातील सुमारे ५३ टक्के लोकांनी आजार टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी आयुष पद्धतींचा उपयोग केला आणि त्यांत आयुर्वेद अग्रेसर.

एकाच देशाच्या शासनाचे हे दोन आकडे. आपल्या संमेलनांत दुसरा आकडा टाळ्या घेतो. आपले टीकाकार पहिला फेकून मारतात. माझ्या मते दोन्ही बाजू प्रश्न न वाचताच उत्तर वाचतात. पहिल्या पाहणीने विचारले होते : गेल्या १५ दिवसांत आजारी पडलात तेव्हा कोणत्या पद्धतीचा उपचार घेतला? दुसरीने विचारले : गेल्या वर्षभरात प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी कधीतरी आयुषचा उपयोग केला का? ज्या गृहस्थाने पावसाळ्यात चार दिवस काढा घेतला आणि ताप आल्यावर मात्र शेजारच्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांकडे धाव घेतली, तो पहिल्या पाहणीत आपला नाही, दुसरीत आपला आहे. दोन्ही आकडे एकत्र वाचले तर चित्र असे उभे राहते : लोकांचा आयुर्वेदावर विश्वास आहे, पण अंगात ताप असताना ते त्या विश्वासाच्या आधारे निर्णय घेत नाहीत. हे वाचून मला आनंद झाला नाही. पण यातून कामाची दिशा सापडते, ती टाळ्यांतून सापडत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. आयुष उपचारांवरील वर्षभराचा सरासरी खर्च दरडोई ग्रामीण भागात ४७२ आणि शहरी भागात ५७४ रुपये आढळला. महिन्याचा हिशेब केला तर पन्नास रुपयांच्या आत. 'आयुर्वेदाची बाजारपेठ अफाट आहे' असे सांगून दुकानदाराच्या गळ्यात पेट्यांच्या पेट्या मारणाऱ्या प्रतिनिधीला हा आकडा अवश्य ऐकवावा.

आता तो प्रसंग.

२०१२ चे साल. मराठवाड्यात दुष्काळ होता. माझे चिकित्सालय सुरू होऊन काही वर्षे झाली होती आणि दुपारचा वेळ मोकळा असे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात (ते २००५ साली सुरू झाले) शासकीय रुग्णालयांच्या आवारातच आयुष बाह्यरुग्ण विभाग उघडण्याचे धोरण होते. त्या विभागांची स्थिती पाहण्याचे काम एका संस्थेकडे होते आणि त्यांना मराठवाड्यातील काही तालुक्यांसाठी आयुर्वेदाचा जाणकार हवा होता. मी गेलो. संस्थेचे आणि गावाचे नाव येथे देत नाही.

एका ग्रामीण रुग्णालयातील आयुष विभागाची नोंदवही पाहिली. रोजची रुग्णसंख्या ३८, ४२, ४०, ४५. उत्तम. मग भांडारातील साठावही उघडली. चूर्णे, वटी, आसव-अरिष्टे, तेले या सर्वांच्या रकान्यात शिल्लक शून्य, आणि ती एक-दोन आठवड्यांपासून नव्हे, चार महिन्यांपासून. औषध नसताना रोज चाळीस रुग्णांना काय दिले जात होते? माझ्याबरोबरचा तरुण सहकारी अर्थशास्त्राचा पदवीधर होता. तो हळूच म्हणाला, "सर, आकडे खोटे आहेत." मलाही क्षणभर तसेच वाटले.

तेथील वैद्य कंत्राटी होते. वयाने माझ्याहून थोडे मोठे, एकाच महाविद्यालयाचे म्हणून ओळखीचेही. त्यांनी चहा मागविला आणि काही न लपविता सांगितले. रुग्णालयातील ॲलोपॅथीचे एक पद रिक्त होते. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागातील अर्धी रांग यांच्यापुढे येई. रात्रपाळीही यांच्याकडेच. त्यांनी पाहिलेला प्रत्येक रुग्ण 'आयुष रुग्णसंख्या' या एकाच रकान्यात भरला जाई. औषध मात्र मुख्य खिडकीतून मिळे, म्हणजे पॅरासिटामॉल आणि तत्सम. आपल्या राज्यात आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मर्यादित कायदेशीर मुभा असल्याने त्यात गैर काही नव्हते. आकडा खोटा नव्हता. तक्त्याने रुग्ण कोणी पाहिला एवढेच विचारले होते, उपचार कोणता दिला हे विचारलेच नव्हते.

निघताना ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. म्हणाले, "एक विनंती आहे. अकरा महिन्यांचा करार मार्चला संपतो. आयुषचे रुग्ण कमी आहेत असे कागदावर गेले तर नूतनीकरण होणार नाही. तुम्ही आपलेच आहात." बाहेर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरींची रांग लागली होती. मी काहीच बोललो नाही.

अहवालात मी खरे ते लिहिले. त्या विभागात आयुर्वेदीय औषधांनी उपचार घेणारे रुग्ण त्या चार महिन्यांत जवळजवळ नव्हते, कारण औषधेच नव्हती. आणि तेथील वैद्य संपूर्ण रुग्णालयाचा भार वाहत होते. हे दोन्ही लिहिले. पण कसे? पहिले वाक्य सारांशातील तक्त्यात गेले : 'उपयोग अत्यल्प'. दुसरे, म्हणजे कारण, मागच्या प्रकरणात, चाळिसाव्या पानापुढे कोठेतरी. मंत्रालयातील अधिकारी काय, जिल्ह्यातील अधिकारी काय, सारांशाची दोन पाने वाचतात. त्यांच्यापुढे असे शेकडो अहवाल येत असतात आणि यात त्यांचा दोष मी मानत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्या वैद्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. केवळ माझ्या तक्त्यामुळे झाले नाही, असे मला नंतर सांगण्यात आले. ते खरेही असेल. २०१३ च्या पावसाळ्यात औषधे आली, ती वैद्याविना असलेल्या विभागात. त्या पावसाळ्यात मी एकदा त्या वाटेने गेलो तेव्हा चूर्णाच्या पिशव्या भांडारातील ओलसर भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि वरच्या पिशवीत चूर्णाचे खडे झाले होते. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने टिकते असे सांगितले आहे. कायद्याची मुदत त्याहून बरीच मोठी असते, आणि भांडारातील ओल या दोहोंपैकी कोणालाच विचारत नाही.

त्या वैद्यांनी पुढे माझ्याशी बोलणे सोडले. आपल्या काही मित्रमंडळींनीही 'आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिला' असे ऐकविले. मी खरे लिहिले याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण ते ज्या जागी लिहिले ती जागा चुकली. आकडा आणि त्याचे कारण एकाच वाक्यात, पहिल्या पानावर असायला हवे होते : 'चार महिने औषधपुरवठा न झाल्याने आयुर्वेदीय उपचार बंद, वैद्य सर्वसाधारण रुग्णसेवेत पूर्ण वेळ कार्यरत.' आणि शिफारस एका ओळीची : तक्त्यात दोन रकाने करावेत, रुग्ण कोणी तपासला आणि उपचार कोणत्या पद्धतीचा. एवढे शिकायला मला एका सहाध्यायाची नोकरी लागली.

याच सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राचा २०१० चा एक अहवाल माझ्या हाती आला. प्रा. रितू प्रिया आणि ए. एस. श्वेता यांनी १८ राज्यांत फिरून अभियानातील आयुष सेवा व स्थानिक आरोग्यपरंपरांची स्थिती तपासली होती. तो वाचताना, आकड्यामागचे कारण आकड्यापासून तोडायचे नाही ही शिस्त काय असते, हे मला प्रथम कळले. आपल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो असावा.

येथे एक मुद्दा स्पष्टपणे मांडतो. काहींना तो रुचणार नाही. शासनाने आयुर्वेदाकडे दुर्लक्ष केले, अशी तक्रार आपण तीन पिढ्या करीत आलो. तिच्यात तथ्य आहे. भोर समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला, तेव्हा देशी वैद्यकाचे मूल्यमापन करण्याच्या स्थितीत आपण नाही, असे सांगून तो विषय बाजूला ठेवला. त्यासाठी त्याच वर्षी वेगळी चोपडा समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल १९४८ साली आला. परंतु आज परिस्थिती निराळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याच्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष वैद्य असतात, एक पुरुष व एक स्त्री, आणि ती मंडळी अंगणवाड्या-शाळांतून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले तपासतात. आयुष्मान भारत योजनेतील उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपल्या राज्यात बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या प्रमाणात नेमले गेले. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राच्या आरोग्याची माहिती आज रोज आपल्याच स्नातकांच्या हातांनी भरली जाते. तिचा अर्थ लावण्याच्या टेबलावर मात्र आपण क्वचितच दिसतो. याचा दोष आता फक्त शासनाला कसा द्यावा?

आयुर्वेद स्नातकाचे या कामी भांडवल काय? विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्यांनी कार्यारंभापूर्वी परीक्षा करण्याचे दहा भाव सांगितले आहेत : कारण, करण, कार्ययोनी, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ती आणि उपाय. कर्ता कोण, साधन कोणते, विकृती कोठून सुरू झाली, साधायचे काय, त्याचे फळ काय, पुढे राहणारा परिणाम कोणता, भूमी कशी, ऋतू व अवस्था कोणती, आरंभ कसा, जुळणी कशी. माझ्या त्या ग्रामीण रुग्णालयात कर्ता होता, करण नव्हते. औषध आले तेव्हा करण होते, कर्ता नव्हता. आणि काल तर पावसाळ्याचा. ज्याने हा अध्याय नुसता पाठ न करता समजून घेतला आहे, त्याला कार्यक्रम कोठे अडला हे शोधायला वेळ लागत नाही. 'सर्व काही चरकात आहे' असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नमुना कसा निवडावा, दोन गावांतील फरक योगायोगाचा की खरा हे कसे ठरवावे, हे चरकात नाही आणि ते शिकावेच लागते. आमच्या वेळी सांख्यिकी वाऱ्यालाही उभी नव्हती. पुढे अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व वैद्यकीय सांख्यिकी हा विषय आला. परंतु तो उत्तीर्ण होण्यापुरता वाचला जातो.

दुसरी उणीव लेखनाची. प्रबंधाच्या थाटात लिहिण्याची आपली सवय या कामात नडते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हेतुसंग्रह नको असतो, निष्कर्ष हवा असतो. आणि तिसरी, सर्वांत अवघड : पक्षपात. मूल्यमापन करणारा आपल्या पद्धतीचा वकील झाला की त्याच्या आकड्यांना किंमत उरत नाही. आपल्याविरुद्ध जाणारा आकडाही लिहिता आला पाहिजे, योग्य जागी आणि योग्य कारणासह.

आता व्यावहारिक माहिती. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. पहिलीत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दुसरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम सांभाळते आणि लोकसंख्याशास्त्र शिकविते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. नोकरीच्या दृष्टीने राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापन कक्ष, तेथील सनियंत्रण व मूल्यमापनाची पदे, पुण्याचे राज्य आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र आणि स्वयंसेवी संशोधन संस्था येथे संधी असते. दिल्लीत नीति आयोगाचे विकास सनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय २०१५ साली स्थापन झाले. १९५२ पासूनची कार्यक्रम मूल्यमापन संघटना त्यातच विलीन करण्यात आली. 'आरआयएस' या संस्थेत आयुष मंत्रालयाच्या सहकार्याने २०२० पासून भारतीय पारंपरिक वैद्यकावर धोरण-अभ्यास करणारा स्वतंत्र मंच आहे. आपल्या विषयाला इतका जवळचा दुसरा पत्ता मला माहीत नाही. राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, मध्ये खंड पडून २०२३ साली पुन्हा आली. तिची वयोमर्यादा २१ ते २६ आहे. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणाऱ्या आपल्या स्नातकाजवळ त्यासाठी जेमतेम दोन वर्षे उरतात. तेव्हा विचार आंतरवासितेतच करावा.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. बहुतेक पदे कंत्राटी. प्रवास फार. नियमित बसणारा रुग्णवर्ग तुटतो, हे मी अनुभवले आहे. परत आल्यावर दोन वर्षे लागली तो सावरायला. अनेक अहवाल कपाटात जातात. घरच्यांना काय काम करता हे सांगता येत नाही, हा त्रास वेगळाच! ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणीचे नूतनीकरण मात्र चुकवू नये. परतीचा दरवाजा उघडा असावा.

औषधालयचालकांना वाटेल, यात आमचा संबंध काय? राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी बंगळूरच्या एफ.आर.एल.एच.टी. संस्थेने वनौषधींच्या मागणी-पुरवठ्याचा अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात ९६० वनस्पतींचा व्यापार चालत होता आणि त्यांपैकी १७८ वनस्पतींची उलाढाल वर्षाला १०० टनांहून अधिक होती. २००५-०६ ची एकूण वार्षिक मागणी ३,१९,५०० टन : देशांतर्गत उद्योग १,७७,०००, ग्रामीण घरगुती वापर ८६,००० आणि निर्यात ५६,५०० टन. २०१७ साली पुढची पाहणी आली, तेव्हा व्यापारातील वनस्पती १,१७८ आणि २०१४-१५ ची मागणी सुमारे ५,१२,००० टन झाली होती. हे आकडे आले कोठून? मंडईतील व्यापारी, कारखान्यांच्या खरेदीवह्या यांतून. कोणत्या वनस्पतीच्या लागवडीला अनुदान द्यावे, कोणती रानातून ओरबाडली जात आहे, हे ठरविण्याचा आधार तुमच्या वह्या आहेत. त्या नीट ठेवल्या नाहीत तर अंदाज दुसरा कोणी करील आणि त्या अंदाजावरून आलेल्या टंचाईत गुळवेल-अश्वगंधेचा भाव मात्र तुम्हाला मोजावा लागेल.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले; माझा तो जुना अहवालही वाचायला दिला. चार दिवसांनी परत आली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, हे कारण सारांशात का नाही?" मी तिला वर लिहिलेली हकिकत सांगितली. ती काही बोलली नाही.

अर्ज करण्यापूर्वी सराव म्हणून वडिलांच्या दुकानातच बसून मोजणी करावी, असे मी सुचविले. तिने एक वही घातली : कोणते औषध, वैद्यांच्या चिठ्ठीवर की ग्राहकाच्या मागणीवरून, चिठ्ठी असल्यास वैद्य आयुर्वेदाचा की अन्य, आणि ग्राहक पूर्वी येऊन गेलेला की नवा. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आले की गल्ल्यावरच्या नोकराने चिठ्ठीचा रकाना संध्याकाळी आठवणीने भरला आहे. तेवढा आठवडा तिने खोडून टाकला आणि पुन्हा सुरुवात केली.

परवा स्नेही भेटले. म्हणाले, "वैद्यराज, गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक थांबवून विचारते हो, चिठ्ठी कोणाची म्हणून. मला म्हणते, बाबा, त्रिफळा चूर्ण चिठ्ठीवर किती जाते ते तुम्हाला तीस वर्षांत ठाऊक नाही." मी विचारले, "मग, ठाऊक होते?" ते हसले आणि म्हणाले, वही आता दुसरी आणावी लागली आहे, पहिली भरली.